हवालदार फडतऱ्यांच्या भीतीची बदली

वृषाली फडतरे शालनकाकीच्या कमरेला टेप लावून उभी होती आणि काकी पोट आत ओढून, श्वास कोंडून उभ्या होत्या.

"श्वास सोडा काकी. ब्लाउज तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही."

"तू लिहून घे गं. दिवाळीपातूर मी उतरणार हाय."

"मागच्या दिवाळीलाही उतरणार होता. शेवटी काखेत पट्टी जोडून दिली मी."

काकी हसल्या, पोट सुटलं, टेप ताणली गेली. आणि त्याच क्षणी वृषालीला भीती आली.

भीती वाटली असं म्हणणं बरोबर नाही. पाहुणा यावा तशी ती आली. आधी पोटात गार गोळा पडला, मग छाती धडधडायला लागली, हाताच्या बोटांतलं रक्त कुठंतरी निघून गेलं. कशाची भीती, ते मात्र बरोबर आलं नाही. दुकानात शिलाई मशीन, भिंतीवर कॅलेंडर, खुंटीवर चार झंपर, भर दुपारचं ऊन. यातलं काहीही भिण्यासारखं नव्हतं. पण भीतीला रिकामं बसवत नाही, ती जागा शोधते. एक क्षणभर तिला शालनकाकीचं उघडं तोंड, त्यातली सोन्याची दाढ इतकी भयंकर वाटली की टेप हातातून सुटली.

तिनं अंगठा हासळीच्या हाडाखालच्या टिकलीवर दाबला. म्हणजे तिकडं नवऱ्याला कळलं, मी निघाले. आणि पायात चपला न घालता ती पळत सुटली.

"बघा, आलं वायफाय," मागून काकी कुणाला तरी म्हणाल्या.

हणमंत परसात बाजेवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांत, नजर जमिनीवर. वृषाली समोर बसली, त्याचे हात हातात घेतले, व्यसनमुक्ती केंद्रात शिकवलं होतं तसं त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली, ओठ पांढरे. तिचंही तेच. दोघं एका होडीत बसल्यासारखे वर गेले, वर गेले, आणि मग हळूहळू खाली आले.

"गेली," तो म्हणाला.

"गेली?"

"गेली गं. तुला उगीच अनवाणी पळवली." तो हसला, उठला, हात धुतले. "काय केलंयस जेवायला?"

आणि तो तीन भाकऱ्या खायला बसला. वृषालीचे हात संध्याकाळपर्यंत सुईत दोरा ओवण्याजोगे झाले नाहीत.

खडकओहळ हे फौजी गाव. इथं पाण्याची पाळी चुकली तर कुणी फारसं बोलत नाही, पण कोण कुठल्या रेजिमेंटला होता आणि कुणाचा कॅन्टीनच्या दारूचा कोटा शिल्लक आहे, ही मोजदाद चोख असते. कोट्याची बाटली म्हणजे गावची दुसरी नाणेव्यवस्था. वायरमनला एक दिली की खांबावर चढतो, जेसीबीवाल्याला दिली की आधी तुमचं शेत धरतो. त्यामुळं दारू सोडलेल्या माणसाचाही कोटा कुणी बुडवत नाही. हणमंतची दारू सुटली, पण त्याच्या बाटल्या येत राहिल्या. फरक एवढाच की आता त्या शालनकाकीच्या कणगीत ठेवायच्या. देवाला सोडलेला बकरा आणि फौजीचा कोटा, दोन्ही वाया जाऊ द्यायचे नसतात.

हणमंत हवालदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा पीतच आला. पुढची वर्षं कशी गेली ते गावाला ठाऊक होतं. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला, दोनदा हार घालून आणला, दोनदा हार वाळायच्या आत पुन्हा प्यायला बसला. शेवटी भर दिवसा त्यानं मोटरसायकल कालव्यात घातली. पोरांनी ओढून काढला. गाडी घसरली असं सगळे म्हणाले. वृषालीनं रस्ता जाऊन बघितला होता. घसरल्याची खूण नव्हती. गाडी सरळ गेली होती.

त्यानंतर जिल्ह्याच्या गावच्या केंद्रात त्यांना 'सोबत' नावाचं यंत्र मिळालं.

यंत्राचे दोन भाग. एक तांदळाच्या दाण्याएवढा, फौजीच्या कानामागं कातडीखाली बसवलेला. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांबलचक नस उतरते, तिच्यावर तो सतत लक्ष ठेवून असतो. दारूची ओढ माणसाला स्वतःला कळते ती फार उशिरा. त्याआधी छातीचा ठोका बदललेला असतो, श्वास आखडलेला असतो, पोटात गोळा आलेला असतो. दाणा हे सगळं काही आठवडे शिकत राहतो आणि मग ओढीला तिच्या पहिल्या पावलाला ओळखतो. डॉक्टरांचं म्हणणं, ओढ ही लाट असते. चढते, टोकाला जाते, उतरते. त्या टोकाला बाटली हाताशी नसेल आणि माणूस हाताशी असेल, तर बहुतेकदा निभावतं.

अडचण एवढीच की फौजी माणूस हाक मारत नाही. तहान लागली तर पाणी मागणार नाही, तो मदत काय मागणार? म्हणून त्याच्या वतीनं यंत्र हाक मारतं. दुसरा भाग, टिकलीएवढा, जोडीदाराच्या अंगावर असतो. लाट उठली की ती टिकली जोडीदाराच्या मानेतल्या त्याच नसेला तसंच हलवते. त्याची छाती जशी धडधडते तशी याची धडधडायला लागते. टिकली दाबली की उत्तर दाण्यापर्यंत पोचतं, माणूस निघालाय. आधी नुसता मोबाइल वाजवून बघितला होता म्हणे. लोकांनी आवाज बंद करून ठेवला. छातीचा आवाज बंद करता येत नाही.

पलटणीतल्या बडींवर, म्हणजे जोडीनं राहणाऱ्या, जोडीनं पहारा देणाऱ्या जवानांवर हे यंत्र इतकं चाललं की सरकारनं ते निवृत्तांनाही द्यायचं ठरवलं. पण निवृत्ताचा बडी असतो कुठं? एक साताऱ्याकडं, एक कोल्हापुराकडं. मग जवळचं माणूस कोण, तर बायको. वृषालीला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. कालव्याचा तो सरळ रस्ता तिच्या डोळ्यांपुढं होता. लग्नात सात पावलं चालून झालीच होती, आता एक टिकली जास्त.

यंत्र चाललं. हणमंतनं त्या दिवसापासून दारूला शिवलं नाही. अंगावर मांस आलं. पहाटे पळायला जाऊ लागला, वळणाच्या कट्ट्यावर बसून पोरांना भरतीचे सल्ले देऊ लागला. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीनं त्याचा सत्कार केला. सरपंच अर्धा तास बोलले, त्यात वृषालीचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा चुकून 'विशाखा'.

आणि विशाखा म्हणा की वृषाली, ती वाळत चालली होती.

"नवरा दारू सोडतो आन् बायकू झुरती," शालनकाकी म्हणाल्या, "ह्ये कुठलं गं औषिद?"

"काम वाढलंय काकी."

"काम नव्हं. तुझ्या डोळ्यांत काय तरी हाय. आमच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत असतंय तसं. मुंगूस बघितल्यावर."

वृषाली हसली. पण घरी आल्यावर तिला त्या बोलण्याचा राग आला, कारण ते खरं होतं. लाटा आता कमी येत, आठवड्यातून एखादी. तरी भीती मात्र वाढत होती. दारातून हणमंत आत आला की तिच्या पोटात गोळा पडे. टिकली गप्प असे. तो नुसता चपला काढत असे. ती स्वतःला म्हणे, अगं, हा तुझा नवरा, लग्नाला वीस वर्षं झाली. प्यायलेला असताना तू याच्या हातातून काठी हिसकावून घेतलीस. आता हा शुद्धीत आहे, देवासारखा वागतोय, तर तुझं काय चाललंय?

मग तो चहाचा दिवस आला.

ती दुकानात खाली वाकून अस्तर कापत होती. मोठी कात्री, कापडाचा कर्रकर्र आवाज, मान खाली. हणमंतनं आयुष्यात पहिल्यांदा चहा केला होता. साखर जास्त, आलं कमी, पण केला होता. कप घेऊन तो पाऊल न वाजवता मागून आला, तिला चकित करायला, आणि खांद्यावरून वाकून म्हणाला, "घे, सरकारी चहा."

तिनं मान वळवली. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता. हसरा.

तिच्या हातानं तिला विचारलं नाही. कात्री वर गेली. कप फुटला, गरम चहा अस्तरावर सांडला आणि हणमंतच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ उमटली.

"अगं!" तो दचकून मागं झाला आणि मग हसलाच. "माझंच चुकलं. कात्री चालू असताना मागनं यायचं नसतं."

तिनं त्याच्या हाताला फडकं बांधलं. बांधताना ती त्याच्या हाताकडं बघत राहिली, वर बघितलं नाही. ते चुकून झालं असं त्याला वाटत होतं. तिला ठाऊक होतं की तिनं गळा बघितला होता. हात मध्ये आला, एवढंच.

तो डॉक्टरकडं टाके घालायला गेल्यावर ती शालनकाकीकडं गेली. काकी शेतात. कणगीत हात घालून तिनं बाटली काढली, झाकण फिरवलं, वासानं तोंड वाकडं झालं. वीस वर्षं या वासाशी तिचं वैर. दोन घोट घेतले. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि थोड्या वेळानं भीती निघून गेली. दिवा मालवावा तशी. तिनं हणमंतचा चेहरा मनात आणून बघितला. नुसता चेहरा होता. मिशा, एक पडका दात. किती दिवसांनी.

बाटलीचं झाकण लावता लावता ती थांबली. आता तिला कळलं होतं, तो का पीत होता. इतक्या सोप्या गोष्टीला तिनं इतकी वर्षं बायकोच्या शापांनी आणि नवसांनी अडवायचं ठरवलं होतं, आणि आता तीच गोष्ट तिलाही हवी होती. लगेच. अजून दोन घोट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती केंद्रात गेली. हणमंतला सांगितलं, अस्तराचा गठ्ठा आणायला चाललेय.

केंद्रातल्या डॉक्टर देवस्थळी फौजेतूनच आलेल्या, मेजर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेन उघडबंद करत राहिल्या.

"तुम्ही पहिल्या नाही आहात वृषालीताई," त्या शेवटी म्हणाल्या. "गेल्या महिन्यात आणखी दोघी आल्या. एकीला नवऱ्याचा आवाज सहन होत नाही. आम्ही आकडे काढले. जवानांच्या जोड्यांमध्ये हे एकदाही झालेलं नाही. फक्त बायकांना होतंय."

"बायका भित्र्या म्हणून?"

"नाही हो. जवान एकमेकांकडं बघत नाहीत म्हणून." त्यांनी खुर्ची वळवली आणि तिच्याकडं पाठ केली. "असं. धोका आला की पाठीला पाठ. एक इकडं बघतो, एक तिकडं. ते त्यांच्या हाडात बसलेलं असतं, लाट आली तरी ते तसेच बसतात. तुम्हाला मात्र आम्ही समोर बसवलं. डोळ्यांत बघा म्हटलं. पुस्तिकेवर फोटोही तसाच छापला. नवरा-बायको म्हटल्यावर आम्हाला दुसरं सुचलंच नाही."

"मग?"

"मग छाती आधी धडधडते आणि मेंदू नंतर कारण शोधतो. का धडधडतेय? समोर जे दिसेल ते कारण. तुमच्या समोर प्रत्येक वेळी हणमंतराव होते."

"आणि त्यांना?"

"त्यांना उलटं. भीतीत असताना तुमचा चेहरा दिसतो आणि भीती उतरते. तुमचा चेहरा त्यांना औषध झालाय."

"आणि त्यांचा मला विष."

वृषालीनं हिशेब मांडला. भीती कमी झालीच नव्हती. हवालदाराच्या भीतीची बदली झाली होती, एका माणसाकडून दुसऱ्याकडं, सामानासकट.

"काढून टाकते ही टिकली."

"काढू शकता. पण त्यांच्या लाटा अजून येतात. हाक जाईल आणि उत्तर येणार नाही. एका जोडीत असं न सांगता काढलं होतं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते गृहस्थ वाचले नाहीत. मी घाबरवत नाही, पण लपवणारही नाही. दुसरा मार्ग हळू आहे. टिकली ठेवायची, लाटेत पाठीला पाठ लावून बसायचं. आणि लाट नसताना, शांतपणे, थोडं थोडं त्यांच्याकडं बघायला शिकायचं. मेंदू शिकला ते विसरतोही, पण घाईनं नाही. दारू मात्र मध्ये आली तर काहीच विसरणार नाही."

"त्यांना न सांगता जमेल?"

"पाठ फिरवलीत तर ते कारण विचारतील."

एसटीत परतताना तिला रडू आलं नाही, तेवढी जागाच नव्हती. माणूस कालव्यात गाडी घालतो तेव्हा त्याला वाटत असतं, आपण घरच्यांना त्रास आहोत. अशा माणसाला जाऊन सांगायचं, की मी तुम्हाला भिते. नाही सांगितलं तर एक दिवस कात्री त्याच्या हाताला लागणार नाही, नीट गळ्याला लागेल. किंवा ती स्वतः कणगीपाशी बसेल. तीन वाटा, तिन्ही कालव्याकडं.

हणमंत विहिरीच्या कट्ट्यावर बसून मोटरीचा पट्टा बदलत होता. हातावर टाक्यांची पट्टी. वृषाली त्याच्या बाजूला बसली, थोडी लांब, नजर बांधावरच्या करवंदीच्या जाळीवर.

"मिळालं अस्तर?"

"अहो, मी अस्तराला गेले नव्हते. केंद्रात गेले होते."

त्याचे हात थांबले.

"कात्री चुकून लागली नाही," ती म्हणाली. एका श्वासात, जाळीकडं बघत. "मला भीती वाटते."

"कुणाची?"

"तुमची."

"मी काय केलं? आता तर मी..."

"तुम्ही काही केलं नाही. पीत होता तेव्हा मी भीत नव्हते, शिव्या देत होते. ही त्या यंत्रानं लागलेली भीती आहे. तुमचं तोंड बघितलं की येते. डॉक्टर म्हणतात, केंद्राच्या चुकीनं झालं. पण येते. तुमच्याकडं बघून सांगता येत नाही म्हणून तिकडं बघून सांगतेय."

हणमंतच्या हातातला पट्टा कट्ट्यावर पडला. मग तिच्या पोटात गार गोळा पडला. छाती धडधडायला लागली. या वेळी ती कुठून आली आणि का आली, हे तिला स्पष्ट ठाऊक होतं. लाट उठली होती आणि तीच तिनं उठवली होती. बाजूला विहीर. कठडा नसलेली.

"अहो," ती म्हणाली. त्याच्याकडं बघायचं धैर्य होईना. मान दगडाची झाली. तिनं अंगठा टिकलीवर दाबला, दाबतच राहिली, त्याच्यापासून दोन हातांवर बसून. इथंच आहे. इथंच आहे.

कट्ट्यावर काहीतरी सरकलं. ती किंचाळणार तोच तिच्या पाठीला पाठ लागली. रुंद, घामेजलेली, थरथरणारी.

"इकडं विहीर मी बघतो," हणमंत म्हणाला. आवाज फाटलेला. "तू रस्ता बघ."

दोघं बसले. लाट चढत होती. मग तो बोलायला लागला, वृषालीला नव्हे, विहिरीतल्या पाण्याला सांगावं तसं.

"आप्पासो वरुटे माहीत आहे ना तुला? रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवतो तो. बर्फातल्या चौकीवर आम्ही दोघंच होतो. वादळ लागलं. त्याच्या मेंदूला सूज आली, उंचीमुळं. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की तो माझ्याकडं बघायचा आणि विचारायचा, तू कोण? हणमंतला कुठं पुरलास?"

वृषालीच्या अंगावर काटा आला. तो यंत्राचा नव्हता.

"मी म्हणायचो, अरे मीच हणमंत. तो हसायचा. रायफल पुसत बसायचा. मी त्याचं मॅगझिन काढून माझ्या झोपायच्या पिशवीत ठेवलं होतं. हेलिकॉप्टर येईना. एवढीशी खोली. त्याच्याच शेजारी झोपायचं, त्याच्याच हातचं पाणी प्यायचं. रम होती. दोन घोट घेतले की त्याचं तोंड नुसतं तोंड दिसायचं."

"मग?"

"मग काही नाही. वादळ थांबलं, त्याला खाली नेलं, बरा झाला. त्याला काही आठवत नाही. मेलं कुणीच नाही. गोळी सुटली नाही. सांगायचं काय? बडीला भ्यालो म्हणून? पलटणीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती." त्याची पाठ एकदा हलली. "त्याचा व्हिडिओ कॉल आला की मी अजून उचलत नाही."

लाट टोकावरून उतरायला लागली होती. उतरत होती, पण जात नव्हती. तिच्यातली एक भीती आता तिची स्वतःची होती. इतकी वर्षं. त्याला इतकी वर्षं लागली आणि अजून फोन उचलला जात नाही. मग तिला किती लागतील?

"मला इथनं उठून जाऊ दे," तो म्हणाला. "आईच्या घरी जाऊन राहतो. तुला त्रास..."

"गप बसा. रस्ता मी बघतेय, विहीर तुमच्याकडं दिलीय. सोडून जायचं नाही."

पाठीचं थरथरणं कमी कमी होत गेलं. खाली पाण्यात बेडूक डुबकला, दोघंही एकदम दचकले.

वृषालीनं श्वास घेतला आणि मान वळवायला सुरुवात केली. डावीकडं, हळू, मानेतली प्रत्येक शीर नाही म्हणत असताना. त्याचा खांदा दिसला. शर्टाची कॉलर, आतून मळलेली. मानेवरचे पांढरे केस, मग कानाची पाळी, कानामागची टाक्याची बारीक खूण. पुढं गालाचं हाड सुरू होत होतं. तिच्या पोटात गोळा हलला. ती थांबली.

"आज कानापर्यंत," ती म्हणाली.

हणमंतनं मान हलवली नाही. समोरच्या पाण्याकडंच बघत राहिला, पहाऱ्यावरच्या माणसासारखा.

"बघ सावकाश," तो म्हणाला. "कान कुठं पळत नाही."